पात्रे तीच, पाहणारा निराळा

निघोजे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पारनेर तालुक्यातील रांजणखळग्यांचे निघोज उभे राहते. येथे अभिप्रेत आहे ते पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील, चाकणजवळचे, इंद्रायणीकाठचे निघोजे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मधल्या पट्ट्यात मोटारींचे कारखाने, अशी या गावाची आजची चतुःसीमा सांगता येईल. २००९-१० च्या सुमारास येथे मोठे मोटार-कारखाने सुरू झाले आणि बघता बघता ज्वारी-कांद्याच्या रानांत भाड्याच्या खोल्यांच्या दुमजली-तिमजली चाळी उभ्या राहिल्या. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, पलीकडे उत्तर प्रदेश आणि बिहार, अशा ठिकठिकाणांहून आलेली तरुण मुले या खोल्यांतून राहतात, पाळीप्रमाणे झोपतात आणि पाळीप्रमाणे उठतात.

अशाच एका चाळीत, आमच्या घरावरच्या मजल्यावर राहणारा लातूरकडचा एक मुलगा कसलासा अर्ज तपासून घ्यायला एका संध्याकाळी आला होता. आमच्याकडे त्या वेळी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या जुन्या मालिकेचा एक भाग चालू होता. अर्ज पुढे करता करता तो थोडा थबकला, दोन-चार मिनिटे उभ्या उभ्याच पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही हे आधी बघितलंय ना?" मी म्हटले, "बघितलंय की. दोनदा-तीनदा." त्यावर तो निरागसपणे विचारता झाला, "मग परत कशाला बघताय? गोष्ट तर ठाऊकच हाय की."

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर तेव्हा चटकन देता आले नाही. ठाऊक असलेली गोष्ट माणूस पुन्हा का पाहतो? शेवट माहीत आहे, विनोद पाठ आहेत, कोण कोणत्या दारातून येणार हेही माहीत आहे. मग वेळ घालवण्यापलीकडे त्यात काय आहे? या प्रश्नाचा थोडा निवांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

एकदाच भेटणारी पात्रे

आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित खरे वाटणार नाही. पण दूरचित्रवाणी ही एके काळी 'एकदाच भेटणारी' गोष्ट होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. संच घ्यायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. छपरावरचा अँटेना सिंहगडाच्या रोखाने फिरवून चित्रातल्या मुंग्या घालवणे हे घरातल्या थोरल्या मुलाचे काम असे. संच आळीत एखाद्याकडेच. आणि त्या घरच्या बाहेरच्या खोलीत चपलांचा ढीग पडला की ओळखावे, आज काहीतरी खास आहे.

त्या काळात एखादा भाग चुकला की चुकला. तो पुन्हा दिसेल अशी सोय नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवरची मालिका मुंबई दूरदर्शनने दाखवली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. पण ज्यांनी ते पाहिले त्यांनी बहुतेक एकदाच पाहिले. त्यानंतर ती पात्रे उरली ती आठवणीत. आणि आठवण ही काही लोखंडी कपाट नव्हे. तेथे ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहत नाही. ती आपल्या सोयीने उजळते किंवा विटते. तीस-चाळीस वर्षे आपण 'पूर्वीच्या मालिका काय सुंदर होत्या!' असे म्हणत आलो. ती मालिकांची आठवण होती की आपल्या त्या वेळच्या वयाची, हे तपासून पाहण्याचे साधन आपल्यापाशी नव्हते.

ते साधन आता प्रत्येकाच्या खिशात आले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचे 'रामायण' आणि बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. घराघरांत तीन पिढ्या एका संचापुढे पुन्हा बसल्या. जी मालिका आपण विशीत पाहिली ती पन्नाशीत, तीही मुलानातवंडांच्या शेजारी बसून पाहणे, हा अनुभव बहुतेकांना नवा होता. आणि पुष्कळांच्या तोंडून तेव्हा एकच उद्गार निघाला : "अरे, हे पात्र असे होते? आपल्याला तर निराळेच आठवत होते!"

बदल कोणी केला?

पात्र बदललेले दिसते ते तीन कारणांनी. या तिन्ही कारणांची गल्लत केली की विचार चुकतो. म्हणून ती वेगळी करून पाहिली पाहिजेत.

पहिला बदल लेखकाने योजलेला असतो. १९८६-८७ मध्ये दाखवल्या गेलेल्या 'बुनियाद' मालिकेतील मास्टर हवेलीराम आणि लाजोजी ही जोडी आठवावी. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या कथेत लाहोरच्या स्वातंत्र्यवेड्या तरुणापासून फाळणीने पोळलेल्या वृद्धापर्यंतचा प्रवास आहे. तेथे पात्र बदलते ते काळाच्या ओझ्याने. आठवड्यागणिक पाहताना हा बदल कळून येत नव्हता, जसे घरातल्या माणसाचे पिकणारे केस रोज पाहणाऱ्याला कळत नाहीत. सलग पाहिले की तो एकदम अंगावर येतो.

अमेरिकेत १९७२ ते १९८३ या काळात, म्हणजे आपल्याकडे मुंबई केंद्र सुरू झाले त्याच वर्षी आरंभ होऊन, 'मॅश' नावाची मालिका चालली. कोरियातील युद्ध तीन वर्षांत संपले. ही मालिका अकरा वर्षे चालली. तिच्यातील मार्गारेट ही परिचारिका-अधिकारी सुरुवातीला निव्वळ थट्टेचा विषय होती. शेवटच्या वर्षांत ती एक एकाकी, कर्तव्यकठोर, पूर्ण वाढीची स्त्री होते. येथे पात्र बदलले, कारण लिहिणारे आणि ते पात्र वठवणारी अभिनेत्री बदलत्या काळाबरोबर स्वतः शहाणी होत गेली.

दुसरा बदल बाजाराने घडवलेला असतो. 'हम लोग' या मालिकेचे १५६ भाग झाले, 'रामायणा'चे ७८, 'महाभारता'चे ९४ आणि श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'चे ५३. यांना आरंभ होता आणि अंतही होता. पुढे रोज दाखवायच्या मालिकांचा जमाना आला. मराठीत 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये संपली, तेव्हा तिच्या भागांची संख्या तीन हजारांच्या पलीकडे गेली होती. नाव चार दिवसांचे आणि मुक्काम बारा वर्षांचा! हे त्या मालिकेतील गुणी कलावंतांना कमी लेखण्यासाठी मी म्हणत नाही. पण जी कथा संपवायचीच नसते, तिच्यातील माणसे वाढूही शकत नाहीत आणि मरूही शकत नाहीत. लोकांना आवडला की खलपुरुष सज्जन होतो, प्रेक्षक घटले की सज्जनाला स्मृतिभ्रंश होतो. अशी मालिका पुन्हा पाहू लागलो की पात्राचा स्वभाव हाती लागत नाही, हाती लागतो तो दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येचा आलेख. म्हणूनच एरवी अत्यंत लोकप्रिय असलेल्या अशा दैनंदिन मालिका आरंभापासून पुन्हा पाहणारा मनुष्य सहसा आढळत नाही.

तिसरा बदल मात्र पडद्यावर घडतच नाही. चित्रफीत तीच असते, संवाद तेच, चेहरेही तेच. बदललेला असतो तो पाहणारा. माझ्या मते पुन्हा पाहण्याचे खरे मोल या तिसऱ्या बदलात आहे.

सभेतले मौन

'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात रविवारी सकाळी दाखवले गेले. त्या वेळी आम्ही तरुणांनी पाहिले ते अर्जुनाचे बाण, भीमाची गदा आणि नीतीश भारद्वाज यांच्या श्रीकृष्णाचे हसू. द्यूतसभेचा प्रसंग आला तेव्हा सगळा राग दुर्योधन-दुःशासनावर होता. २०२० मध्ये तोच प्रसंग पाहताना बाण एकमेकांवर आदळतात ते दृश्य पाहून नातवंडे हसली, आणि ते स्वाभाविकच होते. पण द्यूतसभेत माझी नजर दुःशासनावर ठरेना. ती पुन्हा पुन्हा जात होती ती आसनांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे. भीष्म, द्रोण, कृप. विदुर बोलतो, विकर्ण बोलतो. बाकीचे मान खाली घालून बसतात.

ज्याने शाळेत किंवा कचेरीत तीस वर्षे काढली आहेत त्याला या मौनाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. बैठकीत एखाद्या सहकाऱ्यावर उघड अन्याय होत असतो. ठराव आधीच ठरलेला असतो. आणि आपण कागदावरच्या ओळी मोजत बसतो. निवृत्तिवेतन, घराचे हप्ते, मुलीचे लग्न हे सारे त्या क्षणी आपल्या जिभेवर बसलेले असते. भीष्माने ज्या सिंहासनाचे अन्न खाल्ले त्याचे बंधन सांगितले, आपण ज्या खात्याचा पगार खाल्ला त्याचे सांगतो. विशीत भीष्म मला पर्वतासारखा वाटला होता. पन्नाशीत तो माझ्यासारखाच वाटला, आणि ही जाणीव मुळीच सुखद नव्हती. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या पात्रांना देव्हाऱ्यातून खाली उतरवून माणसांत आणले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. ते पुस्तक विद्यार्थिदशेत वाचले होते आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. समजले मात्र द्यूतसभा दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा.

धृतराष्ट्राचेही असेच झाले. तरुणपणी तो एक रडका, दुबळा म्हातारा वाटला होता. स्वतः बाप झाल्यावर, मुलाची चूक दिसत असूनही 'वयच आहे' म्हणून ती पोटात घातल्यावर, त्या आंधळ्या राजाचे चाचपडणारे हात निराळेच काही सांगू लागले.

रजनी आणि टॅक्सीवाला

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९८५ मध्ये बासू चटर्जी यांची 'रजनी' ही मालिका आली आणि प्रिया तेंडुलकर घरोघर पोचल्या. गॅसच्या टाकीपासून टॅक्सीवाल्यांच्या वर्तनापर्यंत प्रत्येक अव्यवस्थेला ही मध्यमवर्गीय गृहिणी जाब विचारी. आम्हां प्रेक्षकांना केवढे समाधान वाटे! जे आम्हांला रांगेत उभे राहून बोलता येत नव्हते ते ती बोलत होती. टॅक्सीचालकांनी त्या भागाविरुद्ध निषेध-मोर्चा काढला तेव्हा आमची सहानुभूती अर्थातच रजनीकडे होती. पुढल्याच वर्षी, १९८६ मध्ये, देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. रजनीमुळे तो झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या असंतोषाला कायद्याने वाट दिली त्याच असंतोषाला रजनीने चेहरा दिला होता, यात शंका नाही.

आज या मालिकेकडे वळलो की रजनीबद्दलचा आदर कमी होत नाही. तिच्या शब्दाला धार आहे आणि तिची बाजू बहुधा न्यायाचीच आहे. तरीही डोळा आता चौकटीच्या कडेला जातो. ज्याला ती बोलते आहे तो पलीकडचा मनुष्य कोण आहे? किती वाजता घरातून निघाला आहे? त्याच्या मागे कोणता मालक उभा आहे, जो पडद्यावर येतच नाही? निघोज्याच्या रस्त्यावर रोज पहाटे कंत्राटी कामगारांना घेऊन जाणाऱ्या गाड्या पाहिल्यावर, पाठीवर चौकोनी पिशवी लावून दहा मिनिटांत सामान पोचवणारी मुले पाहिल्यावर, हे प्रश्न टाळता येत नाहीत. १९८५ मध्ये आम्ही सगळे स्वतःला ग्राहक समजत होतो. आज आमच्याच घरांतली मुले काउंटरच्या पलीकडे उभी आहेत. रजनी बदललेली नाही. खिडकीची आमची बाजू बदलली आहे.

याच्या उलटही घडते. 'हम लोग'मधील भागवंती ही सोशिक आई. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका मेक्सिकोतील समाजप्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर रचली होती. मुकाट सोसणारी स्त्री पाहून प्रेक्षकांनी 'असे वागू नये' हा बोध घ्यावा अशी योजना होती. घडले भलतेच. पुष्कळ प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्याच, भागवंतीच आदर्श वाटली. मालिकेच्या शेवटी अशोककुमार प्रत्येक भागाचे तात्पर्य समजावून सांगत, तरीही! आज तीच भागवंती कॉलेजातील मुलीला दाखवा, ती दहा मिनिटांत अस्वस्थ होऊन विचारते, "ही बोलत का नाही?" लेखकाला १९८४ मध्ये जे साधायचे होते ते चाळीस वर्षांनी आपोआप साधले आहे. पात्राचा अर्थ लावायला कधी कधी एक पिढी जावी लागते.

शिऱ्या, शेखर आणि आबा

आणि आता ज्या मालिकेवरून हा विषय निघाला ती. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ मध्ये आली. घरातील आजोबा, मुलगा, सून, नात आणि नातू यांच्या रोजनिशीतून दिसणारे एक साधे घर. खून नाही, कटकारस्थान नाही, दागिन्यांनी मढलेली सासू नाही. ज्या नटाने ऐन उमेदीत चिमणराव रंगवला त्यानेच वीसेक वर्षांनी आबा टिपरे रंगवले, हाही एक योगच. ज्यांनी शाळकरी वयात तो चिमणराव पाहिला होता ते मालिका आली तेव्हा शेखर टिपरेच्या वयाचे झाले होते.

मी त्यांतलाच एक. त्या वेळी माझे वडील आमच्याबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत होते. मालिका लागली की सगळे घर एकत्र जमे. आबांनी नसत्या गोष्टीत लक्ष घातले की आम्ही हसायचो. शिऱ्याच्या उद्योगांना मुले हसायची. आणि वडीलही हसायचे. मला वाटे, आपण सगळे एकाच गोष्टीला हसतो आहोत. माझी सारी सहानुभूती शेखरकडे होती. वर वडील, खाली मुले आणि मधे पगार : या मधल्या माणसाची ओढाताण मला माझीच वाटत होती. आबा म्हणजे प्रेमळ, पण थोडी अडचणच.

आज वडील नाहीत. मुले आपापल्या गावी नोकरीला आहेत, सुट्टीत येतात. गेल्या दिवाळीत सगळे जमले असताना तीच मालिका लावली. मुले हसली, मीही हसलो. आणि मध्येच माझ्या ध्यानात आले, की माझे लक्ष पडद्याकडे नाहीच. मी मुलांच्या तोंडाकडे पाहतो आहे, आणि ती हसली की हसतो आहे. तेव्हा वडिलांची खुर्ची आठवली. ती खुर्ची नेहमी थोडी तिरकी असे. संचाकडे पाठ नव्हे, पण तोंडही नव्हे. अखेरच्या काही वर्षांत त्यांना ऐकू कमी येत होते. संवाद त्यांच्यापर्यंत पोचतही नसतील. ते आमच्याकडे पाहत होते आणि आम्ही हसलो की हसत होते. हे समजायला मला वीस वर्षे लागली, आणि समजले तेव्हा सांगायला ते नव्हते.

यापेक्षा अधिक काही या मालिकेबद्दल मला सांगता येणार नाही. मालिकेत आबा टिपरे जे करत होते तेच ते आजही करतात. पण पहिल्या वेळी मी शेखरच्या शेजारी बसून आबांकडे पाहत होतो, आता आबांच्या शेजारी बसून शेखरकडे पाहतो आहे. आणि शेखर त्या वेळी वाटला होता तितका बिचारा आता वाटत नाही. त्याला पुष्कळ काही दिसत नाही, एवढे मात्र कळते.

सोन्यातले हिणकस

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. पुन्हा पाहण्याच्या या छंदातून 'जुने ते सोने' हा जप सुरू होण्याची भीती असते. मग जुन्या मालिकांची काठी करून नव्या पिढीला झोडपणे ओघानेच येते. हे अन्यायाचे आहे. 'टिपरे'ला हात न लावणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतःची पारायणे आहेतच. १९९४ ते २००४ या काळातील 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका आपल्याकडील किती तरी महाविद्यालयीन मुले दोनदा-तीनदा पाहतात. आणि पहिल्या वेळी गोड वाटलेला तिच्यातील रॉस दुसऱ्या वेळी संशयी आणि हट्टी वाटला, असे आपापसांत बोलतातही. ज्या वयात आम्ही अर्जुनाचे बाण मोजत होतो त्या वयात ही मुले पात्राच्या वागण्याचा हिशेब मागतात. यात आम्ही त्यांच्यापुढे मिरवावे असे काही नाही.

शिवाय, पुन्हा पाहिले की जुन्या सोन्यातले हिणकसही दिसते. लातूरकडच्या त्या मुलाने पुढे एकदा सहज विचारले, "सर, ह्या सगळ्या सिरीयलीत घरं मुंबई-पुण्याचीच का वो असत्यात?" मी आठवू लागलो. चिमणराव पांढरपेशा. टिपरे मुंबईचे नोकरदार. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' वाहिनीवर आलेली 'आभाळमाया' ही नवऱ्याच्या प्रतारणेनंतरही ताठ मानेने उभ्या राहिलेल्या सुधा जोशीची कथा. पण तीही शिकलेल्या शहरी घराचीच. ग्रामीण माणूस 'आमची माती आमची माणसं'मध्ये पिकांवरच्या किडीविषयी बोलायला येई. घरातल्या सुखदुःखाविषयी बोलायला त्याला फार थोड्यांदा बोलावले गेले. आम्ही ज्याला 'सगळ्यांची मालिका' म्हणत होतो ती सगळ्यांची नव्हती, हे पहिल्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही, कारण आम्ही स्वतः त्या दिवाणखान्यात बसलो होतो. पुन्हा पाहण्याने हा दोष कळत असेल, तर तो लाभच समजावा.

जे उरलेच नाही

पण पुन्हा पाहायचे तर आधी ते उरले पाहिजे. सुरुवातीच्या काळात चित्रफिती अतिशय महाग होत्या. एकदा प्रक्षेपण झाले की त्याच फितीवर नवा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत होती. ही केवळ आपलीच रीत नव्हे. ब्रिटनच्या बीबीसीनेही १९६० च्या दशकातील 'डॉक्टर हू'चे अनेक भाग असेच पुसून टाकले आणि नंतर ते जगभर शोधत बसण्याची वेळ तिच्यावर आली. आपल्याकडे मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील किती नाटके, किती मुलाखती, किती मालिका अशा पुसल्या गेल्या असतील! साऱ्या महाराष्ट्राने एका वेळी पाहिलेली गोष्ट आणि आता कोणालाच दाखवता न येणारी.

जे उरले आहे त्यातील काही आज प्रसारभारतीने खुले केले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाची स्वतःची सेवाही तिने सुरू केली. हे स्वागतार्ह आहे, पुरेसे नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने त्यात आयुष्य ओतले, म्हणून आज जुना चित्रपट अभ्यासता येतो. मराठी दूरचित्रवाणीसाठी तशी आस्था दिसत नाही. उरलेल्या प्रत्येक भागाची यादी, प्रक्षेपणाची तारीख, लेखक, दिग्दर्शक, कलावंत आणि तंत्रज्ञ यांची नावे, एवढी साधी नोंद तरी सर्वांना पाहता येईल अशी व्हावी. खासगी वाहिन्यांच्या कपाटांतील मालिकाही आता पंचवीस वर्षांच्या झाल्या, त्यांचेही तेच. दोन पिढ्यांनी घरात कसे बोलावे, काय सोसावे, कशाला हसावे, हे ज्या गोष्टींतून शिकून घेतले त्या गोष्टी आपल्या सामाजिक इतिहासाची साधने आहेत. गॅझेटिअर जपतो तितक्याच काळजीने त्या जपल्या पाहिजेत.

शाळा-महाविद्यालयांनीही याचा उपयोग करून घ्यावा. एका कादंबरीचे शेवटचे प्रकरण शिकवायला जितका वेळ लागतो तितक्यात एक भाग पाहून होतो. तो वर्गात दाखवावा. मुलांना तो घरी आईवडिलांबरोबर, शक्य असल्यास आजीआजोबांबरोबर, पुन्हा पाहायला सांगावा. आणि कोणाला कोणते पात्र बरोबर वाटले, हे लिहून आणायला सांगावे. स्वभावचित्रण म्हणजे काय, हे त्या तीन उत्तरांतील फरकातून जितके कळेल तितके मार्गदर्शिकांतून कळणार नाही.

आमच्या या पट्ट्यात पुन्हा वाचण्याची परंपरा फार जुनी आहे. आळंदीला ज्ञानेश्वरीची आणि देहूला गाथेची पारायणे होतात. तेथे बसलेल्या कोणालाही 'पुढे काय होणार' याची उत्सुकता नसते. ओवी तीच असते. ती विसाव्या वर्षी वाचली, चाळिसाव्या वर्षी वाचली आणि घरातले माणूस गेल्यावर वाचली, तर तीन वेळा तिने तीन निराळ्या गोष्टी सांगितल्या, असे अनुभव वारकरी सांगतात. करमणुकीच्या मालिकेची तुलना ग्रंथराजाशी करण्याचा उद्धटपणा मला करायचा नाही. पण रीत तीच आहे. ग्रंथ पालटत नाही; वाचणाऱ्याला आपण किती पालटलो हे त्यात पाहता येते. रोज बदलणाऱ्या या गावात, जेथे मागच्या वर्षीचे शेत या वर्षी ओळखू येत नाही, तेथे न बदलणारी एखादी गोष्ट हाताशी असणे फार गरजेचे आहे. नाहीतर स्वतःचे बदलणे मोजायचे कशावर?

तो मुलगा गणपतीला गावी जाऊन आला. परतल्यावर गावाकडच्या शेंगा द्यायला खाली आला, तेव्हा आपण होऊन म्हणाला, "सर, ते टिपरे मी परत बघितलं. ह्या खेपेला आज्याबरोबर बघितलं." मग थोडे थांबून म्हणाला, "आजा हसतच नव्हता वो. गप बघत होता." मी त्याला काही समजावून सांगितले नाही. त्याचे वय चोवीस आहे. त्याला ती मालिका अजून पुष्कळदा पाहायची आहे.